नॅरोबोटचा पहिला आठवडा: कशानंतर काय करायचं

दरवर्षी मे महिन्यात कुणाचे ना कुणाचे आईबाबा भारतातून इंग्लंडला येतात आणि मला फोन येतो. "शुक्रवारपासून आठवडाभर नॅरोबोट घेतोय. ब्रॉन्स्टनहून निघायचं, ऑक्सफर्ड बघायचं, परत यायचं." मी विचारतो, वाटेत लॉक, म्हणजे बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणारे दरवाजांचे हौद, किती आहेत मोजलेत का? पलीकडे शांतता. मग कुणीतरी म्हणतं, "गूगल म्हणतंय पन्नास-पंचावन्न मैल, त्यात काय एवढं?"

नॅरोबोट म्हणजे इथल्या कालव्यांवरची लांब, अरुंद, आत राहता येईल अशी बोट. ती चालवायला अवघड नाही. इथल्या कालव्यांवर ती चालवायला परवाना लागत नाही, आणि भाड्याची बोट देताना तासाभरात सगळं शिकवतात. घोटाळा होतो तो क्रमात. जे आधी करायचं ते नंतर केलं जातं, आणि लॉकमध्ये तर उलट्या क्रमाने बोट बुडूही शकते. म्हणून हा लेख. उदाहरणाला दक्षिण ऑक्सफर्ड कालवा घेतलाय. तो मी बऱ्याचदा केलाय, आणि पहिल्या फेरीला तो बरा पडतो.

टप्पा १: मैल नव्हे, तास मोजा

कालव्यावर वेगमर्यादा ताशी ४ मैल. पण ४ ने कुणी जात नाही. बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं, नाहीतर पाण्याच्या ओढीने त्यांच्या खुंट्या उपटून येतात. एका लॉकला सरासरी वीस मिनिटं जातात. त्यामुळे इथले जुने बोटवाले साधा हिशोब करतात: मैल अधिक लॉक, भागिले तीन, बरोबर तास.

ब्रॉन्स्टन ते ऑक्सफर्ड साधारण ५४ मैल आणि चाळीसच्या जवळपास लॉक. म्हणजे एका बाजूला तीस तासांहून जास्त, जाऊनयेऊन साठ. सहा दिवसांत रोज दहा तास उभ्याने टिलर, म्हणजे बोट वळवायचा दांडा, धरायचा असेल तर खुशाल जा, पण आईबाबांना सुट्टी म्हणून सांगू नका.

त्याऐवजी क्रॉप्रेडीपर्यंत जाऊन परत या. अंतर साधारण २३ मैल, लॉक १८: नेप्टनची नऊ, क्लेडनची पाच आणि पुढची चार. एकेचाळीस भागिले तीन, म्हणजे सुमारे चौदा तास. रोज पाच तास चाललात तरी तीन दिवसांत पोचता, तीन दिवसांत परत येता, आणि गावातून फिरायला संध्याकाळ मोकळी राहते.

*निघण्याआधी तपासा:*

- कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था इंग्लंड-वेल्समधले सुमारे दोन हजार मैल जलमार्ग सांभाळते. कुठलं लॉक कधी बंद आहे हे त्यांच्या संकेतस्थळावर असतं. हिवाळ्यात दुरुस्तीसाठी लॉक बंद ठेवतात. कोरड्या उन्हाळ्यात पाणी कमी पडलं की लॉकला वेळेचं बंधन येतं किंवा कुलूप लागतं. बुकिंग करताना बघा आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा बघा.
- बोट वळवायची जागा नकाशात शोधून ठेवा. साठ फुटी बोट हवी तिथे वळत नाही. त्यासाठी कालव्याचा काठ मुद्दाम रुंद केलेला असतो, त्याला 'विंडिंग होल' म्हणतात. उच्चार वाऱ्यातला 'विंड', गुंडाळण्यातला 'वाइंड' नाही. आपल्या बोटीची लांबी तिथे बसते का तेही पाहा.

टप्पा २: सामान आणि स्वयंपाकघर

नॅरोबोटीची रुंदी ६ फूट १० इंच, कारण अरुंद लॉक सात फुटांचं. आतला बोळ म्हणजे रेल्वेच्या डब्यातला पॅसेज समजा. कडक सुटकेस ठेवायला जागाच नसते. घडी होणाऱ्या कापडी पिशव्या आणा.

सर्वात जास्त गफलत विजेची. बोट १२ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालते, त्या इंजिन चाललं की भरतात. घरगुती प्लगसाठी इन्व्हर्टर असतो, पण त्याची ताकद बेताची. इलेक्ट्रिक किटली, हेअर ड्रायर, राइस कुकर विसरा. मिक्सरचंही तेच. एका काकूंनी पहिल्याच संध्याकाळी खोबऱ्याचं वाटण लावलं आणि सगळ्या बोटीत अंधार केला. वाटण घरून करून, डब्यात घट्ट भरून आणा. आलं-लसूण, चटण्या, मेतकूट, भाजणी, भाजलेला रवा एवढं बरोबर असलं की आठवडा निघतो. चुलीला बाटलीतला गॅस असतो, त्यामुळे प्रेशर कुकर आणि चहाचं पातेलं बिनधास्त चालतं.

फोडणीची मात्र गंमत होते. छत डोक्यापासून हातभर वर आणि धुराचा अलार्म तिथेच. मोहरी तडतडायच्या आधी बाजूची झडप आणि पुढचं दार उघडा. अलार्मची बॅटरी काढून ठेवायची युक्ती करू नका.

> सावधान: दारांना आणि छताला कायमची हवेची भोकं असतात. थंडी वाजते म्हणून त्यांत कापड कोंबू नका. गॅस आणि शेगडी यांचा कार्बन मोनॉक्साइड वास न देता माणूस मारतो. त्या वायूचा अलार्म बोटीत कुठे आहे ते पहिल्याच तासात शोधा आणि बटण दाबून वाजवून बघा.

कपड्यांबद्दल एवढंच: न घसरणारे बूट, हातमोजे, रेनकोट. लॉकवर काम करणाऱ्याच्या अंगावर ओढणी, लोंबता स्कार्फ किंवा पदर नको. अंगठ्या काढून ठेवा. पोहता न येणाऱ्यांना आणि मुलांना डेकवर आणि लॉकजवळ लाइफ जॅकेट. कालव्याचं पाणी मधोमध फार तर छाती-कमरेइतकं असतं, पण लॉकचं तसं नाही.

टप्पा ३: ताबा घेताना

बोट दाखवणारा माणूस भराभर बोलतो. सगळे जण एकदम आत शिरून पलंग बघू लागतात आणि ऐकणारा एकच उरतो. तसं करू नका. दोघांनी ऐका, एकाने मोबाइलवर चित्रण करा. पुढच्या गोष्टी तुमच्या हाताने करून दाखवायला सांगा:

1. इंजिन चालू आणि बंद करणं. बंद करण्याची पद्धत बोटीबोटीत वेगळी असते.
2. तेलाची आणि कूलंटची पातळी बघणं. हे रोज सकाळी, इंजिन थंड असताना.
3. स्टर्न ग्लँडचा ग्रीसर. बोट ढकलणाऱ्या पंख्याचा दांडा बोटीबाहेर पडतो तिथून पाणी आत येऊ नये म्हणून ही पितळी टोपी रोज संध्याकाळी, हाताला विरोध जाणवेपर्यंत पिळायची.
4. वीड हॅच, म्हणजे पंख्यात अडकलेलं गवत किंवा प्लास्टिक काढायची झडप. उघडण्याआधी इंजिन बंद आणि किल्ली खिशात. नंतर झाकण घट्ट बसवल्याची दोघांनी खात्री करा. सैल राहिलं तर इंजिन सुरू होताच पाणी आत येतं आणि बोट बुडते.
5. संडासाचा प्रकार. टाकी उपसायची, की डबा काढून ठरलेल्या जागी रिकामा करायचा? दुसरा असेल तर ते काम कुणाचं हे निघण्यापूर्वी ठरवा. आमच्याकडे जावयाचं आहे.

विंडलास, म्हणजे लॉकचा हँडल, किती दिलेत ते मोजा. निदान दोन, तीन असले तर उत्तम. शिवाय पाणी भरायच्या नळाची आणि काठावरच्या संडास-न्हाणीच्या खोल्यांची एक खास किल्ली असते, ती वेगळी मागून घ्या.

टप्पा ४: टिलर हातात

ब्रॉन्स्टन टर्नपासून नेप्टनच्या पायथ्यापर्यंत एकही लॉक नाही. पहिल्या दिवसाच्या सरावाला याहून चांगला पट्टा नाही. नेप्टन जंक्शनला मात्र कॅलकटकडे वळू नका. नाव वाचून बाबांना कितीही कोलकाता आठवलं तरी तो रस्ता ग्रँड युनियन कालव्याचा.

टिलर डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. हे डोक्याला पटतं, हाताला पटायला अर्धा तास लागतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे बोट मोटारीसारखी पुढच्या चाकांवर वळत नाही. ती साधारण मधल्या बिंदूभोवती फिरते, म्हणजे पुढचं टोक उजवीकडे गेलं की मागचं डावीकडे झाडतं. पुलाखालून जाताना पुढचं टोक नीट गेलं म्हणून लगेच वळाल तर शेपूट कमानीवर आपटेल.

दुसरी गोष्ट, बोटीला ब्रेक नाही. थांबवायला उलटा गिअर, आणि तोही वेळ घेतो. पंधरा-सोळा टनांचं पोलाद आहे. उलट्या गिअरमध्ये टिलर फारसा ऐकत नाही, तेव्हा आधीच मंद व्हा. समोरून बोट आली तर दोघांनी आपापल्या उजवीकडे सरकायचं. हे भारतातल्या रस्त्याच्या उलट, आणि इथल्या रस्त्याच्याही.

*चुका, ज्या सगळेच करतात:*

- काठ जवळ आला की हाताने किंवा पायाने ढकलून बोट थांबवायला जाणं. पाय बोटीच्या आणि भिंतीच्या मध्ये सापडला तर हाड राहत नाही. आपटू दे. तिला रबरी आणि दोरीचे फेंडर त्यासाठीच असतात.
- काठावर उडी मारणं. पाऊल टाकून जाता येईल एवढी बोट जवळ आणा.
- उथळ जागी रुतल्यावर इंजिन जोरात पुढे रेटणं. त्याने अजून रुतते. आलात त्याच दिशेने हळू मागे घ्या, माणसं खोल बाजूला उभी करा, बांबूने ढकला.

> माणूस पाण्यात पडला तर: पहिलं काम गिअर न्यूट्रल. पंखा फिरता ठेवून माणसाकडे बोट नेऊ नका. मग दोर किंवा गोल कडं फेका.

भिजलेला माणूस वर आल्यावर साबणाने अंघोळ. मुंबईच्या पावसात गुडघाभर पाण्यातून चालल्यावर जो लेप्टो होतो, तोच उंदरांच्या मुतातून इथेही होतो. हाताला जखम असेल तर प्लास्टर आणि हातमोजा. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरला कालव्याचं आवर्जून सांगा.

टप्पा ५: लॉक चढताना

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला दगडी हौद. दरवाजांजवळ तळाशी झडपा असतात, त्यांना पॅडल म्हणतात. विंडलासने दातेरी पट्टी वर घेतली की पॅडल उघडतं आणि पाणी वाहतं. दोन बाजूंची पातळी एक झाली की लाकडी तुळईला पाठ लावून दरवाजा ढकलायचा. पातळी एक नसेल तर दहा माणसांनीही तो हलत नाही. हलत नाही म्हणजे वेळ झालेली नाही. त्याला बोटीने धक्का देऊ नका.

सात फूट चढाचं अरुंद लॉक घ्या: ७२ फूट लांब, ७ रुंद, ७ खोल. एका वेळी सुमारे एक लाख लिटर पाणी खाली जातं. ते वरच्या सपाट पट्ट्याच्या साठ्यातून येतं. म्हणून भरलेलं लॉक तुमच्यासाठी रिकामं करण्याआधी वरून कुणी येतंय का ते पाहा. येत असेल तर त्याला आधी येऊ द्या. पाणीही वाचतं आणि शिव्याही.

नेप्टनला तुम्ही चढता. क्रम असा:

1. बोट खालच्या दरवाजापासून लांब थांबवा आणि विंडलास घेतलेला माणूस काठावर उतरवा. लॉकच्या बाजूने जादा पाण्याचा प्रवाह सुटतो, तो पुढचं टोक अचानक बाजूला ढकलतो. आत शिरताना थोडा जास्त जोर लागेल.
2. वरचा दरवाजा आणि वरची पॅडल बंद आहेत याची खात्री. मगच खालची पॅडल उघडून लॉक रिकामं करा.
3. खालचा दरवाजा उघडा. बोट आत.
4. खालचा दरवाजा बंद. खालची पॅडल खाली. दोन्ही, मोजून.
5. टिलरवरच्या माणसाकडे बघा. त्याने मान हलवली की वरचं जमिनीतलं पॅडल अर्धं उघडा. बोट स्थिर आहे असं दिसलं की पूर्ण.
6. दरवाजातच पॅडल असतील तर त्यांना घाई नाही. त्यांचा झोत थेट पुढच्या डेकवर पडून बोटीत पाणी भरू शकतो. लॉक बरंच भरून त्या झडपा पाण्याखाली गेल्यावरच उघडा.
7. पातळी एक झाली की वरचा दरवाजा उघडून बोट बाहेर. दरवाजा बंद, पॅडल खाली.

या सगळ्या वेळात टिलरवरच्या माणसाने पुढच्या टोकावर नजर ठेवायची. फेंडर दरवाजाच्या कुठल्याही लाकडात किंवा कडीत अडकून टोक खाली दाबलं जात असेल तर ओरडायचं. मग वरची पॅडल बंद, खालची उघडायची.

> विंडलास: पॅडल उघडल्यावर हँडल दांड्यावर ठेवून कधीही बाजूला होऊ नका. पट्टी अडवणारा खटका निसटला तर तो लोखंडी हँडल गरगर फिरत सुटतो. दात, मनगट, काहीही. आधी खटका बसला का ते बघा, मग हँडल काढा आणि पट्ट्यात खोचा. पॅडल खाली घेतानाही सोडून देऊ नका, फिरवत उतरवा.

टप्पा ६: लॉक उतरताना

हा भाग दोनदा वाचा.

लॉकच्या वरच्या दरवाजाखाली दगडी किंवा काँक्रीटची पायरी असते. तिला सिल म्हणतात. लॉक भरलेलं असताना ती दिसत नाही. पाणी उतरायला लागलं की बोटीच्या मागच्या टोकाखालून ती उघडी पडते. तोवर बोट मागे असेल तर रडर, म्हणजे सुकाणू, तिच्यावर टेकतो, पुढचं टोक पाण्याबरोबर खाली जात राहतं, आणि मग काही मिनिटांचाच खेळ. ही कड कुठवर आहे ते दाखवायला लॉकच्या काठावर पांढरी रेघ मारलेली असते.

क्लेडनच्या दुसऱ्या लॉकला माझं असंच झालं. बायको खालच्या पॅडलवर, मी टिलरवर, आणि सासूबाई आत चहा टाकत होत्या. वरच्या पुलावर चार माणसं उभी राहून बघत होती. कालव्यावरच्या अशा बघ्यांना इथे गोंगूझलर म्हणतात. त्यांनी हात केला, मी वळून हात केला आणि एक फोटो घेतला. तेवढ्यात गिअर न्यूट्रलमध्ये असलेली बोट दोन हात मागे सरकली. पायाखालून एक 'खर्र' आला. आतून सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, दूध तिरकं झालंय." पातेलं तसंच होतं, दूध एका काठाला आलं होतं. मी ओरडलो. विंडलास बायकोच्या पट्ट्यात होता म्हणून दहा सेकंदांत दोन्ही पॅडल खाली आली. मग वरचं पॅडल हळूहळू उघडून पाणी परत भरलं, बोट तरंगली. पुढची तीन लॉक मी कुणाकडेही बघितलं नाही.

क्रम:

1. खालचा दरवाजा आणि खालची पॅडल बंद आहेत ना? मग वरून लॉक भरा. वरचा दरवाजा उघडा, बोट आत.
2. मागचं टोक पांढऱ्या रेघेच्या पुढे हवं. जागा असेल तितकं पुढे घ्या, फक्त खालच्या दरवाजाला टेकू नका.
3. वरचा दरवाजा बंद. वरची पॅडल खाली.
4. दोर हातात सैल धरा. कधीही गाठ मारून बांधू नका. पाणी उतरतं, दोर उतरत नाही, आणि बोट लोंबकळते.
5. खालचं एक पॅडल अर्धं. टिलरवरच्या माणसाने रेघेकडे बघायचं, फोनकडे नाही. इंजिन मंद पुढे-मागे करून जागा राखायची.
6. पॅडलवरच्या माणसाने पॅडलजवळच थांबायचं, विंडलास हातात. गप्पा मारायला पुढच्या लॉककडे निघून जायचं नाही.
7. पातळी एक. दरवाजा उघडा, बोट बाहेर, सगळं बंद.

*अडकलात तर:* उतरताना अडकलात तर खालची पॅडल तत्काळ बंद, मग वरची हळू उघडून पाणी भरा. एकदम उघडलीत तर लाट येऊन मागचा डेक बुडतो. माणसं आधी काठावर काढा, सामान नंतर.

घरातल्या सगळ्यांनी एक शब्द ठरवून घ्या. इंजिनच्या आवाजात "अरे ते बंद कर ना" कुणाला ऐकू जात नाही. आमच्याकडे शिट्टी आहे. एक लांब शिट्टी म्हणजे हातातलं सोडून पॅडल खाली.

टप्पा ७: संध्याकाळी बांधणं

अंधाराच्या तासभर आधी जागा शोधा. बहुतेक भाड्याच्या बोटी अंधारात चालवायला परवानगी नसते. बोट टोपाथच्या, म्हणजे कालव्याकाठच्या पायवाटेच्या, बाजूला बांधायची. समोरचा काठ बहुधा कुणाचा तरी खासगी असतो. लॉकसमोर, पुलाखाली, वळणावर किंवा विंडिंग होलमध्ये बांधू नका.

काठाला लोखंडी पत्रा असेल तर पायलिंग हुक, माती असेल तर खुंट्या. खुंटी बोटीच्या टोकापासून थोडी पुढे आणि थोडी कलती ठोका. पुढचा दोर पुढे, मागचा मागे, साधारण ४५ अंशांत. मधला दोर फक्त थांबताना बोट धरायला. रात्री त्यावर बोट बांधली तर शेजारून जाणाऱ्या बोटीच्या ओढीने ती कलते. खुंटीवर पांढरी पिशवी बांधा, नाहीतर पहाटे धावणाऱ्या माणसाच्या पायात ती खुंटी येते.

मग ग्रीसर पिळा, किल्ली आत घ्या, आणि जवळच्या पुलाचा क्रमांक कागदावर लिहून दाराला लावा. कालव्यावरचे पूल क्रमांकाने ओळखले जातात. रात्री बाबांच्या छातीत दुखलं आणि ९९९ फिरवला तर 'आम्ही पाण्यावर आहोत' हे सांगून उपयोग नाही. पुलाचा क्रमांक, कालव्याचं नाव आणि जवळच्या पबचा पिनकोड हवा.

रात्री आठनंतर इंजिन चालवू नका. शेजारच्या बोटीत माणसं राहतात. बॅटरी कमी असेल तर दिवे बंद करून झोपा, सकाळी भरेल. पाण्याची टाकी रोज जमेल तिथे भरा. एवढी माणसं अंघोळ करणार म्हटल्यावर एका दिवसात ती तळाला जाते.

टप्पा ८: कायमचं राहायला जायचं असेल तर

आठवडा छान गेला की परतीच्या दिवशी कुणीतरी म्हणतं, घरभाडं देण्यापेक्षा बोटच घेऊ. जरूर घ्या, पण आधी फेब्रुवारीत एक आठवडा भाड्याने राहा. कोळशाची राख, ओल्या खिडक्या आणि बर्फातून संडासाचा डबा घेऊन जाणं पाहा. मग या क्रमाने:

आधी राहणार कुठे ते ठरवा, बोट नंतर. कायमची जागा नसेल तर तुम्हाला सतत फिरावं लागतं. १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्यानुसार अशी बोट एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही, परिस्थितीने भाग पाडलं तरच मुदत वाढते. मुलांची शाळा एका गावात आणि बोट फिरती, हे गणित आधी सोडवा. शिवाय २०२४ पासून कायमची जागा नसलेल्यांना बोटीच्या परवान्यावर (चालकाच्या नव्हे) अधिभार लागतो.

मग बोट पाण्याबाहेर काढून सर्व्हे. जाहिरातीत '१०/६/४' असं दिसतं, म्हणजे तळ १० मिलिमीटर, बाजू ६ आणि केबिन ४. ते बांधताना होतं. आज गंजून किती उरलंय ते सर्व्हेयरच सांगेल, आणि सर्व्हेयर विकणाऱ्याने नव्हे, तुम्ही निवडायचा. त्यानंतर बोट सेफ्टी प्रमाणपत्र, जे दर चार वर्षांनी नवं करावं लागतं, मग विमा, आणि शेवटी परवाना. प्रमाणपत्र आणि विमा असल्याशिवाय परवाना मिळत नाही. पैसे देऊन बसल्यावर हा क्रम कळतो अशी माणसं मी पाहिलीत.

टप्पा ९: बोट परत देताना

भाड्याच्या बोटी बहुधा सकाळी नऊच्या सुमारास परत द्यायच्या असतात. म्हणून आदल्या संध्याकाळी धक्क्यापासून तासाभराच्या अंतरात, आणि शेवटचं लॉक ओलांडून बांधा. सकाळी समोर चार बोटींची रांग असेल तर तुमचं काही चालत नाही.

रात्रीच भांडी धुवा, फ्रिज रिकामा करा, डब्यांतला मसाला बाहेर काढा. हिंगाचा वास पुढच्या पाहुण्याला नको असतो आणि तो चार दिवस जात नाही. पलंगाखालचे कप्पे उघडून बघा, चार्जर तिथेच राहतो. कुठे आपटलं असेल, काही मोडलं असेल तर स्वतःहून सांगा.

विंडलास मोजून द्या. दोन घेतले होते तर दोन. आम्ही पहिल्या वर्षी तीन घेतले आणि दोन दिले. तिसरा नेप्टनच्या खालून चौथ्या लॉकमध्ये, डाव्या भिंतीजवळ असावा. दोरीला चुंबक बांधून तासभर ढवळलं. एक सायकलची साखळी आणि दुसऱ्याच कुणाचा तरी गंजका विंडलास वर आला. तोच धुऊन देऊ केला, तर माणसाने हसून ठेवून घेतला आणि आमच्या हरवलेल्याचे पैसे लावले.